कोर्टाच्या मनातला वाचक

१२ डिसेंबर १९५९ रोजी मुंबईतल्या ‘हॅपी बुक स्टॉल’ या दुकानातून एका गिऱ्हाइकाने डी. एच. लॉरेन्सची ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ ही कादंबरी विकत घेतली. गिऱ्हाईक बनावट होते, पोलिसांनीच पाठवलेले. दुकानाच्या भागीदारांवर अश्लील पुस्तक विकल्याचा खटला झाला. प्रत्येकाला वीस रुपये दंड, न भरल्यास आठवडाभर साधी कैद. त्यांच्यापैकी रणजित उदेशी थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढले. ऑगस्ट १९६४ मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठाने त्यांचे अपील फेटाळले.

या दोन तारखांच्या दरम्यान लंडनमध्ये याच कादंबरीवर खटला चालला. पेंग्विन प्रकाशनाने तिची असंक्षिप्त आवृत्ती काढली म्हणून सरकारने त्यांना कोर्टात खेचले होते. २ नोव्हेंबर १९६० रोजी ज्यूरीच्या बारा जणांनी पेंग्विनला निर्दोष ठरवले.

कादंबरी तीच, वाक्ये तीच, तरी एका शहरात ती गुन्हा ठरते आणि दुसऱ्या शहरात खुशाल विकली जाते. हे कसे?

‘दोन देश, दोन संस्कृती, दोन कायदे’ हे उत्तर चटकन सुचते, आणि ते काही अंशी बरोबरही आहे. इंग्लंडने १९५९ साली नवा कायदा केला होता. पुस्तक संपूर्ण वाचून ठरवा, आणि लोकहिताचा बचाव असेल तर त्यासाठी तज्ज्ञांची साक्ष घ्या, असे तो सांगत होता. भारतात मात्र १८६० च्या दंडविधानातले जुने कलम चालू होते. पण एवढ्याने कोडे सुटत नाही. एकाच देशात, एकाच कायद्याखाली, एकाच मराठी कथेबद्दल खालचे कोर्ट ‘अश्लील’ म्हणते आणि वरचे ‘नाही’ म्हणते, असेही घडले आहे. मग फरक कुठे पडतो?

तो शोधायचा तर साहित्य, कायदा आणि ज्याला क्रिटिकल थिअरी म्हणतात तो चिकित्सक विचार, हे तिन्ही विषय एकाच वर्गात शिकवावे लागतात. काही विद्यापीठांत असे वर्ग चालतात. आपल्याकडे ते अधिक चालायला हवेत असे मला मनापासून वाटते. अशा वर्गात नेमके काय उलगडते ते या खटल्यांच्याच आधाराने पाहू.

सर्वांत कच्च्या मनाचा माणूस

उदेशी खटल्यात न्यायालयाने जी कसोटी लावली तिचे नाव ‘हिकलिन कसोटी’. ती १८६८ सालची. इंग्लंडमध्ये कॅथलिक पंथाच्या पापनिवेदनाच्या प्रथेवर हल्ला करणारी एक पुस्तिका जप्त झाली होती. त्या प्रकरणात मुख्य न्यायाधीश कॉकबर्न यांनी अश्लीलतेची व्याख्या केली. तिचा आशय असा : ज्यांचे मन अशा अनैतिक प्रभावाला बळी पडण्याजोगे आहे आणि ज्यांच्या हाती हा मजकूर पडू शकतो, त्यांना बिघडवण्याची प्रवृत्ती या मजकुरात आहे का?

ही व्याख्या सावकाश वाचली की एक गोष्ट जाणवते. मजकूर कसा आहे हे ती विचारतच नाही. तो वाचणारा माणूस कसा आहे ते ती आधी ठरवते, आणि मग त्या माणसाचे काय होईल याचा अंदाज बांधते. हा माणूस साक्षीदार म्हणून कधी समोर येत नाही. ‘हे वाचून मी बिघडलो’ असे सांगायला कोणीही पिंजऱ्यात उभा राहत नाही. तो न्यायाधीशाच्या मनात जन्मतो, तिथेच वाचतो आणि तिथेच बिघडतो.

घरात एक दोन वर्षांचे मूल आहे म्हणून आजी-आजोबांपासून सगळ्यांसाठीच बिनतिखटाची आमटी करावी, तसे हे आहे. मुलाची काळजी खरी असते, पण ती सगळ्या घराची चव ठरवू लागते. हिकलिन कसोटीने जवळजवळ शंभर वर्षे इंग्लंडच्या आणि त्याहून जास्त वर्षे भारताच्या साहित्याचे तिखट असे ठरवले.

हा काल्पनिक वाचक कोण, हे लंडनच्या खटल्यात सरकारी वकिलाच्या तोंडून बाहेर पडले. मर्व्हिन ग्रिफिथ-जोन्स यांनी ज्यूरींना विचारले की, हे पुस्तक आपल्या बायकोने किंवा नोकरांनी वाचलेले तुम्हाला चालेल का? ज्यूरींमध्ये तीन स्त्रिया बसलेल्या होत्या. स्वतः वकील आणि न्यायाधीश पुस्तक वाचून बिघडणार नाहीत, हे या प्रश्नात गृहीत आहे. बिघडणार त्या बायका आणि नोकर. ‘कच्च्या मनाचा वाचक’ म्हणून कायद्याने ज्याची कल्पना केली तो समाजाच्या उतरंडीत नेहमी खालच्या पायरीवर उभा असतो, हे त्या एका प्रश्नात उघड झाले.

फळ्यावरची नावे

आता साहित्याच्या वर्गात जाऊ. १९७१ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या बफलो इथल्या विद्यापीठात स्टॅन्ली फिश हे प्राध्यापक एकाच खोलीत पाठोपाठ दोन तास घेत. पहिला तास भाषाविज्ञानाचा, दुसरा सतराव्या शतकातल्या धार्मिक कवितेचा. एके दिवशी पहिल्या तासाला त्यांनी वाचायच्या लेखकांची आडनावे फळ्यावर एकाखाली एक लिहिली होती. दुसऱ्या वर्गाची मुले येण्याआधी त्यांनी ती पुसली नाहीत. उलट त्यांभोवती चौकट काढली, वर ‘पृष्ठ ४३’ असे लिहिले आणि सांगितले की ही एक धार्मिक कविता आहे, अर्थ लावा.

मुलांनी अर्थ लावला. ‘जेकब्स’ या नावात त्यांना बायबलमधली याकोबाची स्वर्गाला लागलेली शिडी दिसली, तर ‘रोझेनबॉम’ या नावातले गुलाबाचे झाड त्यांना कुमारी मेरीचे प्रतीक वाटले. कोणी त्या नावांच्या मांडणीत क्रूसाचा आकारही शोधला. मुले काही खोटे बोलत नव्हती. धार्मिक कविता कशी वाचायची हे ती शिकली होती आणि त्या सवयीने त्यांनी समोरच्या आडनावांतून कविता घडवली.

फिश यांचे म्हणणे असे की, अर्थ कागदावर पडलेला नसतो. तो ‘अर्थ लावणाऱ्या समुदाया’च्या सवयींतून तयार होतो. हे म्हणणे टोकाचे आहे आणि त्यावर बरेच वाद झाले. मलाही ते पूर्ण पटत नाही, कारण ‘रोझेनबॉम’ या नावातून गुलाब काढता येतो तो त्या अक्षरांत गुलाब आहे म्हणूनच. पण वाचणारा कोऱ्या मनाने वाचत नाही, हे या प्रसंगाने जितके स्पष्ट होते तितके दहा व्याख्यानांनी होणार नाही. पुढे फिश यांनी कायद्याच्या महाविद्यालयांतही शिकवले, ते उगाच नाही.

त्याच सुमारास जर्मनीतल्या कॉन्स्टान्झ विद्यापीठातले वोल्फगांग इझर यांनी आणखी एक कल्पना मांडली : ‘अभिप्रेत वाचक’. प्रत्येक कृती लिहिली जाताना तिच्या आतच एका वाचकासाठी जागा केलेली असते. कुठे थांबायचे, काय न सांगता समजून घ्यायचे, कुणाच्या बाजूने उभे राहायचे, हे त्या वाचकाला कृती सुचवत जाते. आपल्या परंपरेतही असा वाचक आहे. हजारेक वर्षांपूर्वी काश्मीरच्या अभिनवगुप्ताने रसचर्चेत ‘सहृदय’ या रसिकाला मध्यभागी बसवले. काव्याच्या सतत सहवासाने ज्याच्या मनाचा आरसा लख्ख झाला आहे, असा हा रसिक.

हा सहृदय आणि हिकलिन कसोटीतला वाचक या दोघांना शेजारी ठेवून पाहा. काव्यशास्त्राने काव्याचे मोल करायला सर्वांत तयार मनाचा रसिक निवडला, आणि हिकलिन कसोटीने सर्वांत कच्च्या मनाचा. दोघेही प्रत्यक्षात नसलेले, कुणीतरी घडवलेले. मात्र पहिल्याच्या रसिकतेने कुणाला दंड होत नाही.

घडवणारा कोण?

इथे चिकित्सक सिद्धान्त कामाला येतो. १९३७ साली फ्रँकफर्ट परंपरेतले मॅक्स होर्कहायमर यांनी पारंपरिक आणि चिकित्सक अशा दोन प्रकारच्या सिद्धान्तांत भेद केला. सोप्या भाषेत सांगायचे तर, पारंपरिक सिद्धान्त जग जसे समोर आहे तसे मोजतो आणि मांडतो. चिकित्सक सिद्धान्त विचारतो की, हे असे कसे झाले, यात कुणाचे भले आहे, कोण गप्प बसले आहे, आणि हे वेगळे असू शकते का. मोजणाऱ्या माणसालाही तो प्रश्नातून सूट देत नाही.

हे प्रश्न घेऊन मुंबईच्या एका जुन्या खटल्याकडे वळू. र. धों. कर्वे १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढत होते. त्यात संततिनियमन आणि लैंगिक आरोग्य यांची शास्त्रीय माहिती असे, आणि वाचकांच्या शंकांना थेट उत्तरे असत. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर वकील म्हणून उभे राहिले. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला.

या खटल्यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कर्व्यांचा वाचक काल्पनिक नव्हता. तो पत्र लिहीत होता. आपल्या शरीराबद्दल घाबरलेला, कुणाला विचारू न शकणारा, उत्तराची वाट पाहणारा माणूस त्या प्रश्नोत्तरांत प्रत्यक्ष बोलत होता. कोर्टाने विचार केला तो मजकूर वाचून बिघडणाऱ्या माणसाचा. मजकूर वाचून ज्याची भीती गेली तो निकालाच्या हिशेबात आला नाही. कुणाला वाचक म्हणून मोजायचे हे ठरवणे हाच सत्तेचा एक मोठा भाग आहे, आणि चिकित्सक सिद्धान्त शिकलेल्या विद्यार्थ्याला ते निकालपत्राच्या कोरड्या परिच्छेदांतही दिसू लागते.

चौकट : कलम काय सांगते?
भारतीय दंडविधानाच्या कलम २९२ नुसार अश्लील मजकूर विकणे, छापणे, वाटणे हा गुन्हा होता. १९६९ पर्यंत कमाल शिक्षा तीन महिने होती. त्या वर्षीच्या दुरुस्तीने ती पहिल्या गुन्ह्यासाठी दोन वर्षे झाली. विज्ञान, साहित्य, कला किंवा ज्ञानाच्या दृष्टीने लोकहिताचे लेखन मात्र वगळण्यात आले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम २९४ त्याच्या जागी आले. त्यात इलेक्ट्रॉनिक रूपातला मजकूरही स्पष्टपणे धरला आहे. व्याख्येतला वाचक बदललेला नाही : जे लोक हा मजकूर वाचण्याची, पाहण्याची किंवा ऐकण्याची शक्यता आहे, ते.

‘श्यामा’ आणि ‘प्रजापती’

१९६२ च्या ‘रंभा’ दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ही कथा आली. एक कवी आणि त्याच्या आयुष्यात आलेल्या तीन स्त्रिया, असा तिचा विषय. पुण्यात तक्रार झाली, खटला चालला. खालच्या कोर्टाने लेखकाला सोडले, पण मुंबई उच्च न्यायालयाने दोषी धरले. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडले.

हा निकाल वर्गात शिकवायला फार चांगला आहे, कारण त्यात न्यायालयाने कथेची भलामण केलेली नाही. लेखनात कच्चेपणा असेल, माणसाच्या मनाची जाण अपुरी असेल, पण त्याने कथा अश्लील ठरत नाही, असा त्याचा सूर आहे. वाचकाबद्दल त्याने दोन गोष्टी केल्या. एखाद-दुसरा नाजूक मनाचा माणूस बाजूला ठेवून ज्या वर्गाच्या हाती कथा जाते त्या वर्गाचा विचार केला. आणि समाजाच्या कल्पना झपाट्याने बदलत आहेत हेही नोंदवले. कसोटीचे नाव तेच राहिले, पण तिच्या आत बसलेला वाचक थोडा मोठा झाला.

बंगालीत समरेश बसूंची ‘प्रजापती’ ही कादंबरी १९६७ मध्ये ‘देश’च्या शारदीय अंकात आली. तिचा निवेदक सुखेन हा गुंडगिरी करणारा तरुण. तो स्वतःच बोलतो, त्याच्या शिवराळ भाषेत. खालच्या कोर्टात लेखकाच्या बाजूने बुद्धदेव बसू आणि नरेश गुहा यांनी साक्ष दिली. जादवपूर विद्यापीठाचा तौलनिक साहित्याचा विभाग बुद्धदेव बसूंनी १९५६ मध्ये सुरू केला होता आणि गुहाही तिथलेच अध्यापक. म्हणजे साहित्य शिकवणारी माणसे कोर्टात ‘असे वाचा’ हे सांगायला उभी होती. तरी शिक्षा झाली आणि उच्च न्यायालयाने ती कायम केली. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली.

त्या निकालातला एक भाग साहित्याच्या विद्यार्थ्यांनी जरूर वाचावा. न्यायाधीशाने आधी लेखकाच्या जागी उभे राहून त्याला काय सांगायचे आहे ते समजून घ्यावे. मग ज्यांच्या हाती पुस्तक जाईल अशा सर्व वयोगटांच्या वाचकांच्या जागी उभे राहावे. त्यानंतर निर्णय द्यावा. अभिप्रेत वाचकाची संकल्पना शिकवताना प्राध्यापक याहून फार वेगळे काही सांगत नाहीत. शिवराळ लेखन आणि अश्लील लेखन यांत न्यायालयाने फरक केला : शिवराळपणाने किळस येईल, कंटाळा येईल, म्हणून वाचक बिघडेल असे नाही. सुखेनचे तोंड आणि समरेश बसूंचे तोंड वेगळे आहे हे ज्याने ओळखले, त्याला हा फरक अवघड जात नाही. निवेदक आणि लेखक यांतला भेद आपण बी.ए.च्या पहिल्या वर्षी शिकवतो आणि परीक्षा झाली की विसरून जातो. एका लेखकाला मात्र त्याच भेदाच्या आधाराने निर्दोष सुटायला अठराएक वर्षे लागली.

समाज म्हणजे कोण?

२०१४ मध्ये अवीक सरकार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हिकलिन कसोटी सोडून दिली. टेनिसपटू बोरिस बेकर आणि त्यांची कृष्णवर्णीय वाग्दत्त वधू यांचे नग्न छायाचित्र एका जर्मन नियतकालिकावरून कोलकात्यात पुनर्मुद्रित झाले होते. छायाचित्र वंशद्वेषाविरुद्ध होते, आणि न्यायालयाने त्याचा संदर्भ धरला. आता कसोटी ‘समकालीन सामाजिक मापदंडां’ची. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये अशी कसोटी स्वीकारली होती.

कच्च्या मनाचा माणूस गेला आणि त्याच्या जागी सर्वसाधारण माणूस आला, ही प्रगती आहेच. पण चिकित्सक वाचनाची सवय लागलेला विद्यार्थी लगेच विचारेल, हा समाज म्हणजे कुणाचा समाज? त्याचे उत्तर दुसऱ्याच वर्षी एका मराठी कवितेने अवघड करून ठेवले. वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची ‘गांधी मला भेटला’ ही कविता १९९४ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या पत्रिकेत छापली गेली आणि त्यावरून खटला उभा राहिला. २०१५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कवीला मिळणाऱ्या मोकळिकीची दीर्घ चर्चा केली. मग असे ठरवले की, गांधींसारख्या ऐतिहासिक, आदरणीय व्यक्तीच्या तोंडी किंवा नावाने असे शब्द घातले तर सामाजिक मापदंडाची कसोटी अधिक कडक लागेल. संपादकाने माफी मागितली होती, त्याला मुक्त केले. कवीला खटल्याला सामोरे जायला सांगितले.

मला हा निकाल पटत नाही. पत्रिका वाचणारे बँक कर्मचारी हे खरे वाचक होते. ते कोण होते, किती होते, त्यांनी कविता कशी वाचली हे विचारता आले असते. त्याऐवजी गांधींवर श्रद्धा असलेल्या साऱ्या देशालाच वाचक मानले गेले. गांधींच्या नावाने चाललेल्या व्यवहाराची चीड हाच कवितेचा विषय असेल, तर श्रद्धा असलेल्या माणसालाच ती सर्वांत जवळची वाटू शकते, ही शक्यता उरत नाही.

पुढच्याच वर्षी मद्रास उच्च न्यायालयाने पेरुमाल मुरुगन यांच्या ‘मादोरुबागन’ या तमिळ कादंबरीबाबत निराळा वाचक समोर ठेवला. ज्याला पुस्तक आवडत नाही तो ते मिटून बाजूला ठेवू शकतो, इतका स्वतंत्र माणूस. दीडशे वर्षांत कायद्याने ज्या वाचकांची कल्पना केली त्यांत याच्याबद्दल मला सर्वांत जास्त आदर वाटतो.

एका वर्गात दोन प्रकारची मुले

जेम्स बॉइड व्हाइट यांच्या ‘द लीगल इमॅजिनेशन’ या १९७३ च्या पाठ्यपुस्तकापासून ‘कायदा आणि साहित्य’ हा विषय अमेरिकेतल्या कायदा महाविद्यालयांत रुजला असे मानतात. त्याआधी १९२५ मध्ये न्यायमूर्ती बेंजामिन कार्डोझो यांनी निकालपत्रांच्या लेखनशैलीवर निबंध लिहिला होता. तेव्हा हे विषय एकत्र शिकवण्याची कल्पना जुनी आहे, आणि ती शिकवायला वेगळ्या इमारतीची गरज नाही.

कायद्याची मुले निकालातून तत्त्व काढायला शिकतात. कुठला मुद्दा पुढच्या खटल्यांना बंधनकारक आणि कुठला ओघात आलेला, हे ती पटकन ओळखतात. साहित्याची मुले आवाज ओळखतात. कोण बोलतो आहे, कोण बोलत नाही, कुठे विशेषणाने युक्तिवादाची जागा घेतली. दोघांना एकच निकाल दिला तर पहिली काही मिनिटे एकमेकांचे त्यांना कळतच नाही. मग साहित्याचा विद्यार्थी दाखवतो की, ‘कोवळी मने’ हा शब्दप्रयोग कुठल्या पानावर आला आणि तिथून पुढे पुराव्याची गरज कशी संपली. कायद्याचा विद्यार्थी दाखवतो की, न्यायाधीशाचे हात आधीच्या पाच न्यायाधीशांच्या निकालाने बांधलेले होते, आणि त्याने मोठ्या कौशल्याने त्या बंधनातल्या फटी शोधल्या. ‘श्यामा’चा निकाल समजायला या दोन्ही गोष्टी लागतात.

साहित्याच्या मुलांनी एक गोष्ट कायद्याकडून घ्यायलाच हवी. येल विद्यापीठातले रॉबर्ट कव्हर यांनी १९८६ मध्ये लिहिले की, न्यायाधीश अर्थ लावतो तेव्हा कुणाचे तरी स्वातंत्र्य, मालमत्ता, कधी जीवही जातो. वर्गात आपण एका कवितेचे पाच अर्थ लावून पाचही फळ्यावर ठेवू शकतो. कोर्टाला संध्याकाळपर्यंत एकच ठेवावा लागतो, आणि त्याच्या अंमलबजावणीला पोलीस असतात. ‘सगळे अर्थ सारखेच’ असे म्हणणारा सिद्धान्त आरोपीच्या काही कामाचा नाही. त्याला ‘हा अर्थ चुकीचा आहे आणि तो का चुकीचा आहे’ असे सांगणारा माणूस हवा असतो.

म्हणून अशा वर्गात मी परीक्षेऐवजी एक काम द्यावे असे सुचवेन. कुठलीही एक वादग्रस्त कथा घ्यायची. प्रत्येकाने तिच्यावर दोन निकालपत्रे लिहायची, एक दोषी ठरवणारे आणि एक निर्दोष. अट एकच : दोन्हींच्या पहिल्या परिच्छेदात ‘हा निकाल देताना माझ्या मनात अमुक वाचक होता’ हे त्याचे वय, भाषा, जात, लिंग, शिक्षण यांसकट लिहायचे, आणि तो तसा आहे हे आपल्याला कुठून कळले तेही सांगायचे.